मडक्यातली डरकाळी

३ जानेवारी. वडसा.

लिहीन लिहीन म्हणत ही डायरी दिवाळीपासून पिशवीत घेऊन हिंडतोय. मोहर्लीच्या रिसॉर्टमधलं काम सोडलं तेव्हा तिथल्या मॅनेजरनं दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात वाघ छापलेला. म्हणाला, रोज एक पान लिहीत जा, मन जागेवर राहील. मन जागेवर राहणारं असतं त मोहर्लीच कशाला सोडली असती. आतापर्यंत एकच पान वापरलं गेलं, तेही वंदनाताईनं लिपस्टिक पुसायला घेतलं.

आज नाटक कंपनीची गाडी गॅरेजमध्ये. प्रयोग नाही. सगळे झोपलेत. म्हणून.

तर सध्या माझं काम: रोज मरणे.

आधी पडदा ओढायचो. धाकट्या भावाचं काम करणारा नट दुसऱ्या कंपनीत गेला, त्याचं धोतर मला बरोबर बसलं, एवढ्यावर बाळाभाऊंनी मला नट केलं. कंपनी बाळाभाऊंची, म्हणून थोरल्या भावाचं मोठं कामही त्यांचंच. नाटक 'पंजा कोणाचा'. नावामुळे एका गावात निवडणुकीतले लोक पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसले होते, दुसऱ्या अंकापर्यंत भाषणाची वाट पाहत.

गोष्ट सोपी. धर्मा आणि माणिक, दोघे भाऊ, जंगलात मोहफुलं वेचायला जातात. माणिक म्हणजे मी. आदल्या दिवशी वाटणीवरून दोघांचं वाजलेलं. आतून किंकाळी. धर्मा एकटाच परत येतो, हातात कुऱ्हाड, कुऱ्हाडीला रक्त. म्हणतो, वाघ. मग मला बाजेवर घालून आणतात, माझी बायको (म्हणजे वंदनाताई) रडते, इथे पोट्ट्यांच्या शिट्ट्या बंद होतात. शेवटच्या प्रवेशात म्हातारी आई दिवा घेऊन उभी राहते. "धर्मा, दिव्यावर हात ठेवून सांग. वाघानं नेला, का तू?" धर्मा हात पुढे करतो. तोंड उघडतो. तेवढ्यात जंगलातून डरकाळी. लाइट बंद. पडदा.

बस. संपलं.

ती डरकाळीपण माझीच. मेल्यावर मला दुसरं काम नसतं, म्हणून पडद्यामागे बसून रिकाम्या मडक्यात तोंड घालायचं, पुढे माइक. मेलेला माणूसच वाघ होतो. दिसत नाही म्हणून बरं.


६ जानेवारी. नागभीडजवळ.

मेलेल्याला सुख नाही. सकाळी चहाला गेलो त हॉटेलवाला माझ्याकडे टक लावून पाहतोय.

"काऊन गा, राती तूच मेला होता ना?"

"हो."

"मंग सांग, कोनं मारलं तुले?"

"मले काय माहीत. मी त मेलो होतो."

"मराच्या आधी डोये झाकून होता का?"

त्यानं बाक वाटून दिले होते. वाघवाले इकडल्या बाकावर, भाऊवाले तिकडल्या. चहा देतानाच विचारायचा, वाघ का भाऊ, आणि मग जागा दाखवायचा. मला कुठे बसवावं ते त्याला कळेना, म्हणून मी भट्टीजवळ उभ्यानं प्यालो.

"वाघानं धरलं असतं त कुऱ्हाडीले रक्त कायचं?"

"अबे, वाघाले हाणली असन."

"मंग वाघ कुठी आहे?"

"जंगलात आहे. डरकाळी नाई आयकली का?"

"डरकाळी कोणताबी वाघ फोडन. तोच वाघ कशावरून?"

मफलरवाले एक आजोबा कोणत्याच बाकावर बसले नव्हते. त्यांचा राग वाघावरही नव्हता, भावावरही नव्हता, आमच्यावर होता. "आमी थंडीत कुडकुडत बसलो, आन् यायनं ऐन टायमाले तोंडावर दार लावून घेतलं."

ज्यांच्या घरी जेवायला होतो तिथे पोरगी पाहायला पाहुणे आलेले. नाटक असलं की गावात घरोघर पाहुणे, मग सोयरिकीही त्यातच उरकतात. मुलाचा बाप वाघवाला निघाला, मुलीचा बाप भाऊवाला. वरणभातावर असे जुंपले की मला वाटलं लग्न मोडतंय. मुलगी वाढायला आली त कोणीतरी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आईले माहीत होतं ना. माहीत नसतं त दिवा कायले लावला असता?" आणि भात वाढून आत गेली.

दोन्ही बापांनी भात कालवला. मग मुलाचा बाप म्हणाला, "पसंत आहे."

मी दुसऱ्यांदा भात घेतला. अजूनही विचार करतोय. आईला माहीत असेल त ती विचारते कशाला.


७ जानेवारी. वडसा.

थेट लेखकालाच विचारलं. स्टेशनच्या बाजूला कंपन्यांच्या ऑफिसांची रांग, रांगेच्या टोकाला चहाटपरी, टपरीमागच्या बाकावर वामनभाऊ. आमचं नाटक त्यांनी तिथेच बसून लिहिलं म्हणतात.

"वामनभाऊ, एकदा सांगून टाका. लोक मले जेऊ नाई देत."

"काय सांगू?"

"धर्मानं मारलं का वाघानं?"

"मले नाई माहीत."

"तुमीच त लिवलं."

"लिवलं म्हून माहीत असते का? तुह्या बापानं तुले जन्म देला. त्याले माहीत आहे का तू उद्या कुठी असशीन?"

हे बरोबर. ते मलाच माहीत नसतं. तरी मी सोडलं नाही. म्हटलं, हे म्हणजे ताट वाढायचं आणि घास घेताना उचलायचं. ते म्हणाले, उलट आहे. ज्या नाटकात खुनी सापडते, ते नाटक लोक मंडपातच ठेवून जातात. हे घरी घेऊन जातात.

"घरी नेऊन भांडतात."

"मंग? नवरा-बायको एका विषयावर बोलून राह्यले, हे कमी आहे का?"

रस्त्यापलीकडे एक जण लाकडी बैल विकत होता, ज्यांच्या माना हलतात. ते पाहायला गेलो. माझा अर्धा चहा तिकडेच राहिला.

आता आठवलं. हेमलकशाकडे राहत होतो तेव्हा शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, एक म्हातारी शेकोटीजवळ कोल्ह्याची गोष्ट सांगायची. एकदा मधेच उठून जेवायला गेली ती गेलीच. कोणी काही विचारलं नाही, सगळे आपापल्या घरी. मी मात्र अजून त्या कोल्ह्याची वाट पाहतोय. म्हणजे मी मफलरवाल्या आजोबांच्या पार्टीतला.


१० जानेवारी.

ताईचा फोन. "देवा, वीस तारखेले आमच्या गावी तुमचंच नाटक. तुह्या भाऊजीनं ठरवलं. यंदा मंडळाचे सचिव आहेत ना ते." आवाजात एवढा आनंद की त्या दिवशी बोकड कापणार हेही सांगून टाकलं.

"तुले नाटकात काय काम आहे?"

"मराचं."

"बापा. सणावाराले असं बोलू नोको."

मग गोष्ट सांगितली. सांगता सांगता तिचा हुंकार बंद झाला. वाटलं रेंज गेली.

"मोहफुलं वेचाले जातात?"

"हो."

"आन् एकच वापस येते?"

"हो. काऊन?"

"संक्रांतीले घरी ये. मंग बोलू."

काय झालं कोण जाणे.


१२ जानेवारी.

काल रात्री मार खाता खाता वाचलो. सविस्तर लिहितो, नाहीतर विसरेन.

काल दिवसा गावात शंकरपट होता, बैलजोड्यांची शर्यत. ज्या जोडीनं बाजी मारली तिचा मालक मला म्हणाला, बैल पाहाले ये, हळद लावून राह्यलो. मी मरायचा होतो, म्हणून म्हटलं मरून येतो. मेलो, बाजेवरून उतरलो, धोतरातच गेलो. काय बैल होते. अंगावरून वाफ निघत होती. डावा बैल माझा हात चाटायला लागला. मालक त्याच्या आईची वंशावळ सांगत होता. आणि भोंग्यातून आवाज आला, "धर्मा, दिव्यावर हात ठेवून सांग."

पळालो. धोतर पायात. पोचलो तेव्हा उशीर झाला होता.

पुढचं वंदनाताईनं सांगितलं तसं. बाळाभाऊंनी हात पुढे केला. तोंड उघडलं. डरकाळी नाही. तोंड उघडंच. लाइटवाला माझ्या आवाजावर बटण दाबतो, त्यामुळे लाइटही चालूच. हात दिव्यावर तसाच, खाली खरी वात. मग बाळाभाऊंनी हात ओढला, ते हळूच खाली बसले आणि आईच्या पायावर डोकं टेकलं. एक शब्द नाही. शेवटी कोणीतरी पडदा ओढला.

बाळाभाऊ तळहाताला तूप लावत म्हणाले, "तू मेला आहेस ना, त मेल्यावानी राह्य ना बे. मेलेला मानूस बैल पाहाले जाते का?"

सकाळी पाहतो त गावात वेगळंच. आधीच्या गावी नाटक पाहिलेले काही जण पुन्हा आले होते. ते म्हणे, तिकडं वाघ होता, इकडं नाई. म्हणजे भावानंच. दुसरे म्हणे, हात भाजला म्हून बसला, काही बी नोको सांगू. एक बाई म्हणाली, "थो बसला तवा माह्या डोयाले पाणी आलं. मारलं असन नसन, भाऊ त गेलाच ना त्याचा."

हे मला सुचलंच नव्हतं.

आणि वंदनाताई. नागपूरहून दर हंगामात येते, मागची अनेक वर्षं विधवा होतेय स्टेजवर, तिला कशाचं काही वाटत नाही. ती म्हणाली, "डरकाळी झाली की मी मेकअप पुसून झोपते, देवा. काल झोप नाही आली. पहिल्यांदा मनात आलं, मला याच्याच घरात राहायचं आहे. याला रोज भाकर वाढायची आहे. मला कळायला नको का?"

म्हणजे एवढे दिवस माझं मडकं तराजूत होतं. मी वाघाच्या पारड्यात बसलेलो.


१४ जानेवारी. ताईचं गाव.

संक्रांत. तीळगूळ, वांग्याची भाजी, लाखोळीची डाळ. ताई वाढत होती पण तोंड बांधलेलं. जेवण झाल्यावर बोलली.

शेजारी मारोतीभाऊंचं घर. त्यांचा धाकटा भाऊ शालिक मागच्या उन्हाळ्यात मोहफुलाच्या दिवसांत गेला. जंगलात दोघंच होते. वनखात्याचे लोक आले, पंजे पाहिले, वाघ म्हणून लिहून गेले. तिथे संपायला पाहिजे होतं. पण कोणीतरी बोललं, एवढा मोठा वाघ आन् याले एक ओरखडा नाई. बस, एवढंच. तोंडावर कोणी काही म्हणत नाही. फक्त मारोतीभाऊ पानठेल्यावर आले की बोलणं थांबायचं. मग ते येईनासे झाले. लग्नाला नाही, मंडईच्या जत्रेला नाही. शालिकची बायको आणि म्हातारी आई त्यांच्याच घरात.

मी म्हटलं, वामनभाऊंना हे माहीत नसणार. ताई म्हणाली, "नसन. असं कोण्या ना कोण्या गावात होतच राह्यते. पण तुमी पडदा पाडून गाडीत बसून जासान. आमाले इथीच राह्याचं आहे. आमच्या गावात वाघ पाहिजे. साफ वाघ."

भाऊजी सुपारी कातरत होते. "असं कसं? आजूबाजूचे लोक त्या शेवटासाठीच येऊन राह्यले. आतापासून वाघवाले आन् भाऊवाले पडले. शेवट बदलला त मले धरतीन."

"आन् मारोतीभाऊ?"

"त्याले कोण बोलावून राह्यलं? थो येतच नाई."

"येत नाई म्हून आयकू येत नाई का? भोंगा त्याच्याच छपरावर बांधनार आहे तुमचं मंडळ."

भाऊजींची सुपारी थांबली. "तिथून आवाज चांगला जाते," म्हणाले, पण हळू.

माझी जीभ तिळगुळाला चिकटली.


१५ जानेवारी. तिथेच.

जायचं होतं बसस्टॉपला. वाटेत एक खंड्या दिसला, निळा, त्याच्या मागे मागे बोडीवर, गावच्या तळ्याकाठी गेलो. तिथे एक माणूस गुडघाभर पाण्यात जाळं झटकत होता. मी ओळखलं नाही. त्यांनीच ओळखलं.

"सुनीताचा भाऊ ना तू?"

"हो."

"नाटकात तूच मरतेस म्हणे."

तेव्हा कळलं हे कोण. पळायची फार इच्छा झाली. "हो," म्हटलं.

"वरडतेस का मरताना?"

"वरडतो. जोरात. टाळ्या भेटतात तिथी."

त्यांनी जाळं पुन्हा झटकलं. झिंगे उडाले.

"शालिक नाई वरडला," म्हणाले. "वाघ बी नाई. काहीच आवाज नाई आला. मी पाठमोरा होतो, फुलं वेचून राह्यलो होतो. त्याच्याशी बोलतच होतो. वळून पाह्यलं त टोपली होती."

खंड्या पलीकडच्या काठावर जाऊन बसला. आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत राहिलो.

मग त्यांनी पळसाच्या पानात झिंगे बांधून दिले. "ताईले दे. कांदा जास्त घालाले सांगजो."

बस गेली होती. परत आलो. ताईनं कांदा जास्त घातला. लय चवदार झाले होते. एवढं ऐकून माणसाला भूक कशी लागते माहीत नाही, पण लागली.

खरं खोटं मला कळत नाही. चेहऱ्यावरून कोणाचं काही कळत नाही, मी स्वतः रोज तोंडाला रंग लावतो. पण एक कळलं. वाघ असो नाहीतर भाऊ, डरकाळी खोटी आहे. आणि ती मीच फोडतोय.


१७ जानेवारी. गाडीत.

दिवसभर भांडण. छान भांडण, वेळ कसा गेला कळलं नाही.

मी सगळं सांगितलं. बाळाभाऊ: "हे गाव असो का ते गाव, नाटक एकच. उद्या दुसऱ्या गावात कोणी म्हणन आमच्याइथी सासू बदलून द्या."

वंदनाताई: "सोपं आहे. देवानं डरकाळी स्वतः मरताना फोडावी. पहिल्या अंकात. मग लोकांना वाघ पक्का कळतो. काही लिहायचं नाही, काही खोडायचं नाही, मडकं फक्त आधी वाजवायचं."

"आन् मी शेवटी दिव्यावर हात ठेवून काय करू?" बाळाभाऊ.

"बोला. वाघ म्हणा."

"वाघ. एवढंच? एवढ्यासाठी लोक थंडीत बसतीन?"

वामनभाऊंना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "त्या मानसानं तुले सांगितलं का, नाटक बदला म्हून?"

"नाई."

"मंग त्याच्या वतीनं तू काऊन बोलून राह्यला? गावानं त्याच्या वतीनं एक गोष्ट ठरवली, तू दुसरी ठरव. त्याले कोणी विचारलं का?"

मी चिडलो. म्हटलं, "भोंगा त्याच्या छपरावर आहे, वामनभाऊ. तुमच्या नाई."

मग म्हणाले, "भोंगा हलवा," आणि फोन ठेवला.

भाऊजींना फोन केला. त्यांनी खरंच भोंगा हलवला, शाळेकडे. पण मंडळाच्या अध्यक्षांची आई अंथरुणाला खिळलेली, ती घरूनच नाटक ऐकते, भोंगा लावून पाहिला त तिला ऐकू येईना. परत जुन्या जागी.

गाडी पेट्रोलला थांबली तेव्हा वामनभाऊंचा फोन, फक्त मला. "देवा, मी काही त्या दिवशी तिथी नाई. एक मानूस बी प्रेक्षकच असते. मडकं तुह्या हातात आहे, तू पाह्य." आणि मग, "त्याची टोपलीची गोष्ट मले सांगून बरं नाई केलं तू. आता मले बी झोप नाई येनार."

बाळाभाऊंना सांगितलं, वामनभाऊ म्हणतात मडकं माझ्या हातात आहे.

"मडकं कंपनीचं आहे," बाळाभाऊ म्हणाले.


१९ जानेवारी. आष्टी.

खरं लिहितो. आज पळून जाणार होतो. काल इकडे प्रयोग झाला, आज मोकळा दिवस. स्टँडवर सिरोंच्याची गाडी उभी होती. तिकडे मी अजून गेलो नाही, गोदावरी मोठी आहे म्हणतात. खिडकीजवळ बसलो. शेजारी एक बाई, मांडीवर टोपलीत कोंबडी. कोंबडीनं माझ्याकडे पाहिलं, बाईनंही.

"काय काम करतं गा तू?"

बोललो, नाटकात.

"कोण्या?"

नाव सांगितलं आणि फसलो. मागच्या सीटवरून एक जण उठला. "अरे, ते पाह्यलं ना आमी. वाघ होता ना?" त्याच्या मागचा म्हणाला, "वाघ कायचा." कंडक्टर तिकिटं सोडून उभा राहिला, तोही भाऊवाला.

बाई शांत होती. म्हणाली, "लोकायले एवढी काय घाई आहे माहीत कराची? माह्या घरचा मानूस मिरच्या तोडाले तेलंगणात गेला, थो आलाच नाई. मेला का दुसरी केली, कोणाले माहीत. मी काय पडदा पाडून बसू? कोंबड्या पाळतोच ना."

"तुमाले वाटत नाई का, कळावं म्हून?" मी विचारलं.

"वाटते. पण लोक म्हणतात ना, मेला म्हून समज, म्हंजे सुटशीन. त्यायचा राग येते. मले सुटाचं नाई. आला त चार शिव्या देईन."

सगळी गाडी हसली. तीही हसली. मला वाटलं या बाईला काहीतरी खायला द्यावं, म्हणून आलुपोंगे आणायला उतरलो. पुड्या घेऊन वळलो त गाडी निघून गेली होती.

पिशवी पाठीवरच होती. मग दोन्ही पुड्या मीच खाल्ल्या. वडशाकडची गाडी पकडली.


२० जानेवारी. ताईचं गाव. संध्याकाळ.

सकाळी गाडीतून सामान उतरवताना मडकं फुटलं. बाळाभाऊंच्या ट्रंकेखाली आलं. बाळाभाऊ म्हणाले शकुन चांगला नाही, वंदनाताई म्हणाली तुमची ट्रंक चांगली नाही.

ताईनं तिच्या घरचं दिलं. पाणी ओतून टाकलं, पदरानं आतून पुसलं, माझ्या हातात ठेवलं. "माह्या घरचं मडकं आहे. काय वाजवाचं ते पाहून वाजवजो." एवढंच. मग वाढायला लागली. बोकड मात्र होता.

मंडप भरत आलाय. भाऊजींच्या छातीवर बिल्ला. बिछायतीच्या मधोमध दोरी बांधली आहे, वाघवाले डावीकडे, भाऊवाले उजवीकडे. कोणाची आयडिया म्हटलं त भाऊजी दुसरीकडे पाहायला लागले. मग दुपारी स्वतःच जाऊन सोडून आले. पोट्ट्यांनी परत बांधली.

माझा रंग लावून झाला. मिशी खाजवते. मडकं घेऊन पडद्यामागे बसलोय, त्याच्यावर डायरी ठेवून लिहितोय. बाळाभाऊ येऊन गेले.

"देवा, आज बैल नाई पाहाचे."

"नाई."

"मडकं नेहमीच्या टायमाले?"

"हो," म्हटलं.

हो म्हणालो ते खरं की खोटं, मला माहीत नाही. मरताना वाजवलं त ताई खूश, मंडप नाराज. शेवटी वाजवलं त मंडप भांडत घरी जाणार आणि एक छप्पर सगळं ऐकणार. वाजवलंच नाही त बाळाभाऊंना हात भाजून घ्यावा लागेल, आणि शंकरपटाच्या गावची ती बाई म्हणाली तसं, कोणीतरी म्हणेल भाऊ त गेलाच ना त्याचा. हे तिसरं मला आवडून राहिलंय. पण मला आवडून काय उपयोग. मारोतीभाऊ काय म्हणतील ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. बोडीवर एवढा वेळ उभा होतो आणि खंड्या पाहत होतो.

पहिली घंटा.

बाहेर एकदम गलका थांबला. पानठेल्यावर थांबायचा म्हणतात तसा. वंदनाताई कनातीच्या फटीतून पाहून आली, म्हणाली, कोणीतरी आलंय, लोक वाट देतायत.

मारोतीभाऊ.

धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. मागे म्हातारी आई आणि शालिकची बायको. दोघींना ताईनं हाताला धरून बायकांत नेलं, पार पुढे. मारोतीभाऊ दोरीजवळ थांबले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. भाऊजी बिल्ला सांभाळत धावले, खुर्ची देऊ लागले. ते नको म्हणाले आणि कनात उचलून सरळ आमच्याकडे, पडद्यामागे आले.

आता इथेच आहेत. बाळाभाऊंच्या ट्रंकेवर बसलेत, माझ्यापासून हातभर. बाळाभाऊ पलीकडे उभे, तोंड उघडं, शंकरपटाच्या रात्रीसारखं.

मारोतीभाऊंनी मडक्यावर टिचकी मारली. "यातून काढतेस का वाघ?"

"हो."

"घरी भोंग्यातून आयकाचं त इथीच बसून आयकतो म्हटलं."

मी विचारलंच. "मारोतीभाऊ, कधी वाजवू? नाई वाजवलं त चालन का?"

त्यांनी दुपट्टा नीट केला. पडद्याच्या फटीतून स्टेजकडे पाहिलं, जिथे आमचं कागदाचं जंगल उभं आहे.

"पाहू त दे आधी," म्हणाले.

घंटा झाली. जातो मरायला.